चोपण रान, साळ आणि झिंकची पिशवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लावणीनंतर साळ तांबूस पडून खुंटली तर एकरी १० किलो झिंक सल्फेट टाका, असा दोन ओळींचा सल्ला आपल्या शेतीपानावर आला होता. सल्ल्यात खोट नाही. पण तो वाचून दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर जी मंडळी उभी होती, त्यातल्या निम्म्यांची रानं चोपण, म्हणजे सोडियम धरून बसलेली आणि पाणी मुरू न देणारी आहेत, हे मला त्यांच्या गट नंबरासकट ठाऊक आहे. चोपणाला त्या दोन ओळी पुरत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहिलं तर पिशवीचे पैसे जातात आणि साळ होती तिथंच राहते. बिलोली तालुक्यात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. झिंक मी रोज विकतो. त्यामुळं कुणी म्हणेल, विकणाराच नको कसं म्हणतो. कुणी म्हणेल, विकतो म्हणूनच बोलतो. म्हणोत.

आमच्या पट्ट्यात साळ नवी नाही. मांजरेपलीकडं बोधन-निजामाबादच्या बाजूला निजामसागरच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या साळ होते. आमच्या सोयरिकी तिकडच्या आणि बियाणंही पाव्हण्यांच्या हातानं तिकडूनच येतं. आधी सांबा मसुरी आली, मग तेलंगणा सोना आली. फरक एवढाच, की तिकडं साळीसाठी बांधलेली रानं आहेत आणि आमच्याकडं साळ पुष्कळदा नाइलाजानं लागते. कॅनॉलच्या खालच्या अंगाला, जिथं पाझराचं पाणी हलायचं नाव घेत नाही, तिथं कापूस जळतो, हरभरा उगवतच नाही, सोयाबीन पिवळं होऊन बसून राहतं. मग माणूस म्हणतो, साळ तरी लावू. चोपणात साळ उभी राहते हे खरंच आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेनंही, जी १९६९ पासून हेच काम करते, चोपण सुधारताना पहिलं पीक म्हणून साळच सांगितली. तिला साचलेलं पाणी चालतं आणि ते पाणी मुरता मुरता सोडियमही खाली नेतं. पण साळ उभी राहिली म्हणजे पोसली असं होत नाही.

चोपण ओळखायला प्रयोगशाळेच्या आधी डोळे पुरतात. पाऊस पडून गेला तरी पाणी खाली उतरत नाही, गढूळ होऊन दिवसेंदिवस तसंच उभं. वाळलं की वर पापुद्रा धरतो, कुळवाची पास उड्या मारते, ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पांढरं मीठ फुललेलं दिसेलच असं नाही. पांढरं फुललं की लोक घाबरून धावत येतात; चोपणात मात्र सुटं मीठ कमीच असतं, सोडियम मातीच्या कणालाच चिकटून बसलेला असतो. चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून माती रवाळ राहते. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की कण सुटे होतात, भोकं बुजतात, हवा-पाण्याची वाट बंद. पुस्तकात या चिकटलेल्या सोडियमची हद्द १५ टक्क्यांवर आणि सामूची (पीएचची) ८.५ वर आखलेली आहे. आमच्या काळ्या चिकण रानात १५ टक्क्यांच्या बऱ्याच आत त्रास सुरू होतो.

दुकानात मी एक साधी गोष्ट करून दाखवतो. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्यायचं आणि हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ त्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. चांगल्या रानाचं ढेकूळ फुटतं, तुकडे पडतात, पण पाणी निवळ राहतं. चोपणाचं ढेकूळ कडेकडेनं सुटत जातं, भोवती गढुळाचं वलय धरतं आणि तासा-दोन तासांत ग्लासभर पाणी गढूळ होतं. बोअरचं पाणी मात्र घेऊ नका. त्यातल्या क्षारांनी माती तळाला बसते आणि चोपण रानही चांगलं वाटतं.

आता झिंक. जमिनीत एकूण झिंक किती, याला पिकाच्या लेखी किंमत नाही. मुळाला उचलता येईल असं किती, याला आहे. प्रयोगशाळेत डीटीपीएच्या द्रावणानं काढतात ते हेच, आणि ते ०.६ पीपीएमच्या, म्हणजे किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या, खाली आलं की कमतरता धरतात. सामू एका अंकानं चढला की पाण्यात उतरणारं झिंक १०० पटींनी घटतं. साडेसात सामूचं रान आणि साडेआठचं रान यांत एवढं अंतर. साडेनवाचं तर विचारूच नका. त्यात आमच्या काळ्या मातीत चुनखडी, तीही झिंक धरून ठेवते. वर साळीला पाणी बांधलेलं, म्हणजे हवा बंद, बायकार्बोनेट वाढलेलं, मुळं आखडलेली. अशा जागी वरून झिंक फेकलं तर त्याचीही तीच गत होते जी आधीच्या झिंकची झाली.

लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत ही उपासमार पानावर उमटते. खालच्या जुन्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येतात, ते एकमेकांत मिसळतात आणि पान गंजल्यागत दिसतं. नव्या पानाची मधली शीर बुडाशी फिकी पडते. रोप ठेंगणं, फुटवे नाहीत, आणि हे सगळ्या रानात सारखं नसतं, ठिगळाठिगळांनी असतं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिलं, की हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या साळीचा ‘खैरा’ म्हणजे झिंकची कमतरता. त्याला साठ वर्षं होत आली. तरी आजही हे पान हातात घेऊन आलेला माणूस आधी करपा रोगाचं औषध मागतो, आणि मागितलं ते देऊन मोकळे होणारे दुकानदारही काही कमी नाहीत.

दुसरा गोंधळ लोहाचा. कोरड्यात पेरलेल्या साळीला आमच्या चुनखडीच्या रानात केवडा येतो, तो लोहाच्या कमतरतेचा. त्यात कोवळं पान आधी पिवळं आणि मग पांढरं पडतं. पाणी बांधलं की लोह सुटतं आणि केवडा हटतो. झिंकचं नेमकं उलटं, पाणी बांधलं की ते आणखी आखडतं. म्हणून पान वरचं की खालचं, हे मी पहिल्यांदा विचारतो. वरचं असेल तर हिराकस (फेरस सल्फेट), खालचं असेल तर झिंक. ‘दोन्ही द्या, काहीतरी लागेलच’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडं उत्तर नाही.

आणखी एक. सहा-सात आठवड्यांनी अशी साळ पुष्कळदा आपोआप थोडी सावरते. त्या आठवड्यात जे काही फवारलेलं असेल त्याची मग गावभर जाहिरात होते. टॉनिकवाल्यांचा अर्धा धंदा या सावरण्यावर चालतो. फुटवे फुटायचे दिवस तोवर हातचे गेलेले असतात, ते कोणतीही बाटली परत आणत नाही.

आता ज्या कारणासाठी नाव न छापण्याची विनंती करतोय ते सांगतो. खरीप तोंडावर आला की डीएपी-युरियाला लिंकिंग लागतं. एवढ्या गोण्या डीएपी हवं असेल तर एवढ्या पिशव्या झिंक आणि एवढ्या बाटल्या उचला, असं वरूनच सांगून माल येतो. कायद्यात हे बसत नाही. ओरड झाली की पत्रकं निघतात आणि पुढच्या रेकला, म्हणजे खताच्या रेल्वेगाडीला, पुन्हा तेच. वरच्यानं दुकानदाराच्या गळ्यात मारायचं, दुकानदारानं शेतकऱ्याच्या. यातल्या पैशाच्या अन्यायावर पुष्कळ लिहून आलंय, मला त्याच्यापुढचं सांगायचं आहे. डीएपी आणि झिंक एकाच बिलावर निघतं, एकाच टेम्पोत बसतं, एकाच बांधावर उतरतं. मग घमेल्यात दोन्ही कालवून एकाच फेरीत फेकलं जातं. मजूर मिळत नाहीत तिथं दोन फेऱ्या कोण मारणार? आणि नेमकं हेच करायचं नसतं.

का करायचं नसतं तेही काउंटरवर दिसतं. एका ग्लासात चमचाभर डीएपी पाण्यात विरघळवून वस्त्रगाळ करून घ्या. दुसऱ्यात झिंक सल्फेट विरघळवा, ते पाणी स्वच्छ असतं. आता एक दुसऱ्यात ओता. बघता बघता नासलेल्या दुधासारखा पांढरा साका धरतो. तो झिंक फॉस्फेटचा, पाण्यात न उतरणारा. विकत घेतलेलं झिंकही त्यात अडकलं आणि त्याला धरून बसलेला स्फुरदही (फॉस्फरस). रानात इतकं ठळक होत नाही, पण दाण्याला दाणा लागून पडला की त्या जागी हेच चालतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलेला शेतकरी पुन्हा घमेल्यात कालवत नाही, असा माझा अनुभव आहे. कृषी विभागाच्या भिंतीवरच्या पाट्यांनी जे होत नाही ते दोन ग्लासांनी होतं.

याच ग्लासांत बनावट मालही पकडता येतो. झिंक सल्फेटमध्ये स्वस्तातलं मॅग्नेशियम सल्फेट मिसळतात. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे खडे. नुसतं मॅग्नेशियम असेल तर डीएपीच्या पाण्यात असा घट्ट साका धरत नाही. माझ्या दुकानातली पिशवीही अशी तपासून घ्या, मला राग नाही.

पिशवीवरचा टक्काही वाचायला हवा. हेप्टाहायड्रेट म्हणजे खडीसाखरेसारखं दिसणारं झिंक सल्फेट, त्यात झिंक २१ टक्के. मोनोहायड्रेट भुकटीत ३३ टक्के. म्हणजे २१ टक्क्यांचं १० किलो टाकलं तर एकराला साधारण दोन किलो झिंक पोचतं. ‘ग्रेड वन’ म्हणून जे मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य मिळतं त्यात झिंक पाच टक्केच असतं. त्याची १० किलोची पिशवी म्हणजे अर्धा किलो झिंक. पिशवीवर नाव मोठ्या अक्षरात आणि टक्का बारीक अक्षरात असतो, तो कुणी वाचत नाही. चिलेटेड झिंक, म्हणजे सेंद्रिय रेणूत पकडून ठेवलेलं, १२ टक्क्यांचं येतं, फवारणीला चांगलं आहे, पण चुनखडीच्या चोपणात जमिनीतून देऊ नका. तिथं कॅल्शियम त्यातल्या झिंकला बाहेर ढकलतो आणि महागाचा माल साध्या मालाच्या पंगतीला जाऊन बसतो.

ज्यांची साळ आज तांबूस झालेली आहे, त्यांनी आता जमिनीत काही टाकू नये असं माझं मत आहे. चोपणात ते पोचायला वेळ नाही. १५ लिटरच्या पंपाला २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट ७५ ग्रॅम आणि विरलेल्या चुन्याची निवळी, म्हणजे ३७ ग्रॅम चुना भिजवून वरचं नितळ पाणी, एवढं फवारा. चुना नसेल तर युरिया ३०० ग्रॅम. चुना किंवा युरिया न घालता नुसतं झिंक फवारलं तर पान भाजतं. ३३ टक्क्यांचं असेल तर ४८ ग्रॅमच्या आसपास पुरे. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि शक्य असेल तर मध्ये दोन-चार दिवस बांध फोडून पाणी काढून द्या, मुळाला हवा लागू द्या. चोपणात पाणी काढायलाच उतार नसतो, हे मला माहीत आहे. तरी जेवढं निघेल तेवढं.

हे झालं या हंगामापुरतं. पुढच्या वर्षीही हेच पान घेऊन यायचं नसेल तर आधी सोडियम काढावा लागेल आणि मग झिंक द्यावं लागेल. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, कॅल्शियम देतं, कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतो, सुटलेला सोडियम पाण्यात उतरतो. तो पाण्याबरोबर रानाबाहेर गेला तरच उपयोग. पाणी काढायला चर नसेल तर जिप्सम टाकूनही सोडियम तिथल्या तिथंच फिरत राहतो. सांगली-कोल्हापूरकडं शेजारी-शेजारी मिळून जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालतात. आमच्याकडं दोन भावांचा बांध एकत्र खोदायचा म्हटलं तरी तहसीलला प्रकरण जातं, तो भाग वेगळा. जिप्सम किती, हे प्रयोगशाळा ‘जिप्समची गरज’ म्हणून काढून देते. काळ्या जमिनीत त्याची निम्मी मात्रा पहिल्या खेपेला देतात. वरच्या चार इंचांत मिसळायचं, खोल नांगरून गाडायचं नाही. पाणी बांधून मुरवायचं, काढायचं. मग लावणीच्या आधी धैंचा हे हिरवळीचं पीक घेऊन फुलोऱ्याच्या सुमारास चिखलात गाडला तर सोन्याहून पिवळं. तो कुजताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो आपल्याच चुनखडीतला कॅल्शियम विरघळवतो. पैसे देऊन आणायच्या कॅल्शियमइतकाच हा घरचा कॅल्शियम कामाचा आहे. जवळ साखर कारखाना असेल तर प्रेसमडही (उसाच्या रसाची मळी) चालतं, आणि सल्फिटेशन पद्धतीच्या, म्हणजे गंधकाच्या धुरानं रस साफ करणाऱ्या, कारखान्याच्या प्रेसमडमधून गंधकही मिळतं.

झिंकची पाळी शेवटच्या चिखलणीला, हेक्टरी २५ किलो सल्फेट, आणि डीएपीपासून दूर. स्फुरद आधी खाली गेला असेल तर झिंक वरून, वेगळ्या दिवशी. खरं तर चोपणात डीएपीचा हट्टच सोडावा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर कॅल्शियम आणि गंधकही असतं, चोपणाला तेच मानवतं. कर्नालकडच्या चोपण रानात तर सुरुवातीची काही वर्षं साळीला वरून स्फुरद लागलाच नाही, जमिनीतलाच पुरला. आमच्याकडं तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण डीएपीची गोणी उचलण्याआधी माती तपासणीच्या कार्डावर स्फुरदाचा आकडा बघायला काय हरकत आहे? नत्र मात्र चोपणात पाव पट जास्त धरावं लागतं, कारण युरियाचा अमोनिया होऊन हवेत उडतो.

आणि रोप. एकवीस दिवसांचं कोवळं रोप चोपणात बसवू नका, मरतं. तीस-पस्तीस दिवसांचं, एका चुडात तीन-चार रोपं. रोपवाटिका चोपणात टाकायचीच नाही, घराजवळच्या चांगल्या वाफ्यात टाका आणि त्या वाफ्यालाच झिंक द्या. लावणीच्या दिवशी मुळं झिंक ऑक्साइडच्या दोन टक्के पाण्यात, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, बुडवून लावली तर एकरभर रानात फेकायचं झिंक मुळाच्या अंगालाच लागून जातं. ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून मूळ भाजत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि याचंच गिऱ्हाईक नाही. यात विक्रेत्याला सुटत काही नाही, म्हणून कुणी सांगतही नसेल.

आता कार्डाबद्दल. मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली. त्यावर बारा आकडे असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. सोडियम नाही! ज्या एका गोष्टीमुळं आमच्या रानातलं झिंक कोंडलं तिचाच रकाना नाही. कार्डावर झिंक कमी निघतं, खाली शिफारस छापून येते: झिंक सल्फेट एवढे किलो. चोपण रानाला आणि शेजारच्या भुसभुशीत रानाला तीच शिफारस. शेतकरी ती घेऊन माझ्याकडं येतो आणि मी पिशवी देतो. कार्डात सामू ८.५ च्या वर आणि वाहकता कमी, म्हणजे सुटं मीठ कमी, दिसली तर चोपणाचा संशय घ्यावा, एवढं मी सांगतो. पण काळ्या रानात सामू साडेआठाच्या आत असूनही सोडियमनं माती बसलेली असते, ते कार्डावरून कळायला मार्ग नाही. सगळ्या महाराष्ट्राचा सोडियम तपासा असं माझं म्हणणं नाही. कॅनॉलखालच्या गावांपुरता तेरावा रकाना काढा आणि त्याच नमुन्यावर जिप्समची गरज काढून द्या. नमुना तोच असतो, माणूसही तोच येतो.

एवढं सगळं साळीच्या उताऱ्यासाठी. दाण्यातल्या झिंकची गोष्ट निराळी आहे, आणि ती माझ्या घरातच आहे. माझी बायको गावात आशा सेविका आहे. पुढच्या खोलीत माझ्या झिंकच्या पिशव्या, मागच्या खोलीत तिच्या झिंकच्या गोळ्या. लेकराला जुलाब लागले की ओआरएसबरोबर २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला निम्मी. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबतात आणि आया गोळ्या थांबवतात, ही तिची रोजची कटकट. मोठ्या पुरुष माणसाला दिवसाला १७ मिलिग्रॅम झिंक लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोजमाप आहे. नेहमीच्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोला १२ ते १६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे पावशेर तांदूळ खाल्ला तरी तीन-चार मिलिग्रॅमच्या वर काही जात नाही. पोषणयुक्त (फोर्टिफाइड) तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालतात. झिंक घालणं ऐच्छिक ठेवलंय.

माणसाला झिंक कमी पडतं हे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६० च्या दशकात इराणमधल्या गावांत शोधून काढलं. ते मूळचे बिहारचे. तिथली वाढ खुंटलेली तरुण मुलं मुख्यतः बिनखमिराच्या रोटीवर जगत होती. पोट भरलेलं आणि तरी उपाशी, हे त्यांनी दाखवलं.

जमिनीतून दिलेलं झिंक उतारा वाढवतं, दाण्यात ते त्या मानानं थोडंच चढतं. दाण्यात चढवायचं असेल तर फुलोरा संपून दाण्यात दूध भरत असताना वर सांगितलेलीच फवारणी पुन्हा करावी लागते, तीही संध्याकाळी. सकाळी साळ फुलत असते, तेव्हा पंप घेऊन शिरू नये. हैदराबादजवळच्या राजेंद्रनगरच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेनं डीआरआर धान ४५ हे वाण २०१६ साली दिलं, त्याच्या पॉलिश केलेल्या तांदळात झिंक २२.६ पीपीएम, नेहमीच्या दीडपटीच्या आसपास. पण जमिनीत कोंडलेलं झिंक वाणही आपल्या बळावर किती ओढणार? आधी रान सुधारायला हवं, मग त्या आकड्याची आशा धरायची.

आणि स्पष्टच सांगायचं तर नुसत्या झिंकसाठी साळीच्या मागं लागायची आम्हा मराठवाड्याच्या लोकांना गरज नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी २०१८ साली दिली, तिच्या किलोभर दाण्यात झिंक ३२ मिलिग्रॅम, नेहमीच्या ज्वारीत २० च्या आसपास. लोहही जास्त. चांगल्या रानात ती पेरावी आणि भाकरी खावी. साळीची काळजी करायची ती चोपणवाल्यांनी, ज्यांच्या रानात ज्वारी टिकतच नाही. अशी घरं वर्षभर तोच स्वतःच्या रानातला तांदूळ खातात, वरून रेशनचा, आणि लेकरंही त्याच्यावरच वाढतात. तांबूस पडलेली साळ त्या घरात उतारा म्हणूनही कमी येते आणि ताटात झिंक म्हणूनही.

दोन गोष्टी आपल्या दैनिकामार्फत मांडाव्यात ही विनंती. एक, कॅनॉलखालच्या गावांच्या मातीत सोडियम तपासावा. साळ निघून रान मोकळं झालं की नमुने घेता येतात, तेव्हाच आपल्या शेतीपानावर त्याची माहिती द्यावी. दुसरी जिप्समची. ते तालुक्याला वेळेवर येतच नाही. राजस्थानातून निघालेलं जिप्सम आमच्याकडं पोचेपर्यंत आर्द्राचा चिखल झालेला असतो आणि ट्रॅक्टर रानात जात नाही. ते उन्हाळ्यात, मृगाच्या महिनाभर आधी मिळालं पाहिजे. लिंकिंगमध्ये झिंकची पिशवी गळ्यात मारायला जेवढी तत्परता दिसते, त्याच्या निम्म्या तत्परतेनं जिप्समची गाडी आली तरी मी माझ्या खर्चानं ती गोदामात उतरवून घेईन.

आपला,
एक खत विक्रेता,
ता. बिलोली, जि. नांदेड
(कृपया नाव छापू नये.)